टोचन

भंडाऱ्यात बंद पडलेली गाडी दुसऱ्या गाडीला बांधून ओढत नेली, की 'टोचन करून आणली' म्हणतात. लहानपणी मला वाटायचं, हा शब्द 'टोचणे'वरून आला असेल. पुढच्या गाडीच्या मागे काहीतरी टोचत असणार, म्हणून टोचन. पार इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना, तेही एसटीत बसलेलो असताना, डोक्यात उजेड पडला की हे बहुधा 'टो चेन' आहे. ट्रकवाल्यांच्या तोंडात झिजून झिजून त्याचं टोचन झालं असावं. पंजाबच्या ढाब्यापासून आमच्या साकोली रोडच्या पंक्चरवाल्यापर्यंत सगळे हाच शब्द वापरतात. दोर लावला तरी टोचन, लोखंडी दांडा लावला तरी टोचन.

या शब्दाकडे मी परत वळलो ते दादामुळे. दादा म्हणजे मोठ्या बाबांचा मुलगा. तो डॅलसजवळ राहतो. मागच्या वर्षी त्याने जुनं मोटरहोम घेतलं. आपल्या स्लीपर बसएवढी गाडी, आत पलंग, शेगडी, संडास, सगळं. ती घेऊन वहिनी आणि मुलांसोबत महिनाभर फिरायचं त्याच्या मनात आहे. पण एवढं धूड घेऊन दुधाची पिशवी आणायला जाता येत नाही. म्हणून तिकडचे लोक मोटरहोमच्या मागे आपली छोटी गाडी जोडून नेतात. चारही चाकं रस्त्यावर, इंजिन बंद, आत कोणी नाही. याला ते फ्लॅट टोइंग म्हणतात. दादाकडे जीप ग्लॅडिएटर हा पिकअप आहे. त्याचा मेसेज आला, 'कोणतं सामान घेऊ जरा बघ, तू इंजिनिअर आहेस ना.'

मी पुण्यात बसून पेमेंटच्या सर्व्हरचा कोड लिहितो. चाक या वस्तूशी माझा संबंध स्कूटीपुरता. पण आमच्या घरात इंजिनिअर म्हणजे इंजिनिअर, त्याला मिक्सरही दुरुस्त करता आला पाहिजे. तर मी एक एक्सेल शीट उघडली, तीन आठवडे वाचलं आणि वाचता वाचता टेक्ससवरून फिरून वरठी स्टेशनात आणि तिथून आमच्याच अंगणात येऊन पोचलो.

सुरुवात बंडीपासून करतो. आमच्याकडे बैलगाडीला बंडी म्हणतात, हलकी असली तर खाचर, पाहुण्यांना न्यायची असली तर रेंगी किंवा दमणी. चाकं दोनच. जू आणि गाडी यांच्यामध्ये ताठ लाकूड असतं. ही गोष्ट आपण रोज पाहतो म्हणून दिसत नाही. दोर फक्त ओढू शकतो. लाकूड ओढतंही आणि रेटतंही. उतारावर भरलेली बंडी बैलांच्या अंगावर यायला लागते तेव्हा तो रेटा लाकडातून जुवावर येतो आणि बैल मान मागे टाकून तो अडवतात. म्हणजे बंडीचा ब्रेक तिच्या चाकांना नसतो, बैलांच्या मानेत असतो. बंडीला दोर बांधून ओढली असती, तर पहिल्याच उतारावर ती बैलांच्या पायांवर गेली असती.

तोफांचंही असंच. तोफेचा गाडा दोन चाकांचा, त्याची शेपटी जमिनीला टेकलेली. ती शेपटी उचलून दुसऱ्या दोनचाकी गाड्याच्या हुकात अडकवली, की चार चाकांची, मधून वळणारी गाडी तयार होते. आजच्या ट्रॉलीची ही पणजी. १८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीच्या टेकडीवर नागपूरकर भोसल्यांची आणि इंग्रजांची लढाई झाली. त्या काळी मोठ्या तोफा ओढायला बैलांच्या जोड्यांवर जोड्या लागत आणि चढावर मागून रेटायला हत्ती. शाळेत आम्हाला लढाईची तारीख पाठ करायला लावली, पण तोफ तिथवर नेली कशी हे कोणी सांगितलं नाही. मला विचाराल तर तोच भाग जास्त रंजक आहे.

आणि मोटरहोम? तेही आपल्याकडे नवीन नाही. गाडिया लोहारांच्या बंड्या मी शाळेच्या रस्त्यावर पाहिल्यात. पितळी खिळ्यांनी मढवलेली जड बंडी, वर खाट, खाली कोंबड्या, बाजूला भाता. सगळा संसार चाकांवर. आपण त्यांच्याकडून कुऱ्हाडी घेतल्या, विळे शेवटून घेतले, पण त्यांच्या घराला कधी घर म्हटलं नाही. २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारने कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं तेव्हा बातमीसोबतच्या चकाचक फोटोंत त्या बंड्या कुठे नव्हत्या.

आता रेल्वे. मुंबईहून येणारी रेल्वे १८६७ ला नागपूरला पोचली. पुढे भंडाऱ्याकडे जायला ग्रेट ईस्टर्न रोड होता, म्हणजे आपला रायपूर रस्ता, नंतरचा नॅशनल हायवे सहा आणि आताचा त्रेपन्न. छत्तीसगडचा तांदूळ-गहू त्यावरून बंड्यांच्या रांगांनी नागपूरला यायचा. १८८२ पर्यंत नागपूरपासून राजनांदगावपर्यंत मीटरगेज रेल्वे झाली आणि १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेने ती ताब्यात घेऊन ब्रॉडगेज केली. भंडारा गावाला रेल्वे थोडी चुकलीच. म्हणून आमचं 'भंडारा रोड' स्टेशन वरठीला आहे.

वरठीला लहानपणी मालगाडी थांबली की मी डब्यांच्या मधल्या जागेकडे बघायचो. जुन्या डब्यांना मध्ये हुक आणि स्क्रूची साखळी असायची, दोन्ही बाजूंना गोल तव्यांसारखे बफर. साखळी ओढायला, बफर रेटायला. बंडीचं एक लाकूड जे काम करतं ते इथे दोन वस्तूंमध्ये वाटलेलं. पण ती साखळी लावायला माणसाला दोन डब्यांच्या मध्ये जावं लागतं. आता नव्या डब्यांना मधोमध एकच जाड कपलर असतो, धक्का लागला की आपोआप बसतो.

त्या कपलरची गोष्ट अमेरिकेतली आहे. तिकडे सुरुवातीला डबे जोडायचे ते लोखंडी कडी आणि पिन लावून. एका डब्याची कडी दुसऱ्याच्या खोबणीत घालायची आणि वरून पिन टाकायची. हे करणारा कामगार दोन डब्यांच्या मध्ये उभा राहून हाताने कडी धरायचा आणि मागून इंजिन डबा ढकलत आणायचं. क्षणभर चुकलं की बोटं गेली. नोकरी मागायला आलेल्या माणसाची बोटं मोजली की त्याचा अनुभव कळतो, असं तिकडे म्हटलं जायचं. १८७३ मध्ये एली जॅनी नावाच्या माणसाने वेगळाच कपलर पेटंट केला. तो रेल्वेतला नव्हता, दुकानात कारकून होता. दोन हातांची बोटं वाकवून एकमेकांत अडकवावीत तसा तो कपलर. डबा डब्याला भिडला की बसतो, मध्ये माणूस लागत नाही. उपाय हाताशी होता, तरी कंपन्यांनी तो सरसकट लावायला वीस वर्षं घेतली. शेवटी १८९३ मध्ये कायदा झाला, तेव्हा कुठे सक्ती झाली. त्याच कायद्याने गाड्यांना एअर ब्रेकही आणले. जॉर्ज वेस्टिंगहाउसने १८६९ मध्ये पेटंट घेतलेल्या ब्रेकमध्ये त्यानेच पुढे बदल केला. गाडी तुटून मागचे डबे सुटले तर नळीतली हवा निघून जाते आणि हवा गेली की ब्रेक आपोआप लागतात. काही बिघडलं तर गाडी थांबली पाहिजे, हे त्या रचनेतच घातलेलं आहे. आमच्या धंद्यात याला 'फेल सेफ' म्हणतात आणि मीटिंगमध्ये दिवसातून चारदा म्हणतात.

हे सगळं मी रात्री साडेबाराला वाचत होतो. कडी आणि पिन या शब्दांवर थांबलो आणि लॅपटॉप बंद केला.

मोठ्या बाबांच्या उजव्या हाताला दोन बोटं नाहीत.

२००८ चा नोव्हेंबर होता, मी सहावीत. धानाची मळणी झालेली. पोती भरलेली ट्रॉली अंगणात उभी, तिच्या पुढच्या दांड्याखाली विटांचा टेकू. बाबा ट्रॅक्टरवर होते, रिव्हर्स घेत होते. मोठे बाबा मध्ये उभे, एका हातात पिन, दुसऱ्या हाताने दांड्याची कडी ट्रॅक्टरच्या हुकाशी जुळवत. कडी थोडी खाली होती. मोठे बाबा ओरडले, 'राहू दे.' इंजिनच्या आवाजात बाबांना ऐकू आलं, 'येऊ दे.' एवढंच झालं. टेकू सरकला, ट्रॉली वीतभर पुढे आली. मी ओसरीत उभा होतो. मोठे बाबा ओरडले नाहीत, खाली बसले. पहिली किंकाळी बाबांची होती.

त्यानंतर या विषयावर आमच्या घरात कोणी बोललं नाही. मोठे बाबा डाव्या हाताने सही करायला शिकले. बाबांनी ट्रॅक्टर चालवला, पण ट्रॉली जोडायची वेळ आली की ते इंजिन बंद करून खाली उतरतात आणि दोघं-तिघं मिळून ट्रॉलीच ढकलत आणतात. भरलेली असली तर जॅक लावतात. गावातले पोट्टे हसतात. हसू द्या.

अमेरिकेत १८९३ मध्ये जी गोष्ट रेल्वेतून कायद्याने काढली गेली, ती आमच्याकडे गावोगाव रोज सकाळी होते. धानाच्या पोत्यांपासून वैनगंगेच्या रेतीपर्यंत सगळं ट्रॉलीवर आणि प्रत्येक ट्रॉली पिनवर. ट्रॅक्टरच्या मागच्या बाजूवर हॅरी फर्ग्युसनसारख्या माणसाने आयुष्य घातलं, त्याच्या तीन-टोकी जोडणीने नांगर ट्रॅक्टरचाच अवयव झाला. ट्रॉली मात्र तिथेच राहिली. मी पाहिलेल्या बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. बंडीला बैलांच्या माना तरी होत्या.

कायद्याकडे येतो. १९८९ च्या रस्ता नियमांत टोइंगवर एक आख्खं कलम होतं. नादुरुस्त गाडी, अर्धवट जुळलेली गाडी, नोंदणी झालेला ट्रेलर किंवा साइडकार, यांशिवाय काहीही ओढायचं नाही. ओढल्या जाणाऱ्या गाडीत लायसन्सवाला माणूस स्टिअरिंगवर हवा, नाहीतर तिची वळणारी चाकं क्रेनने उचललेली हवीत. दोन गाड्यांमधलं अंतर ५ मीटरपेक्षा जास्त नको. मागे पांढऱ्या पाटीवर काळ्या, किमान ७५ मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत 'ऑन टो' लिहिलेलं हवं. आणि वेग ताशी २४ किलोमीटर. हा २४ आकडा मला फार आवडला. १५ मैल म्हणजे २४ किलोमीटर, तेव्हा तो मैलांच्या जमान्यातून तसाच उचलून आणला असणार. २०१७ मध्ये नवी नियमावली आली, पण तुमची चांगली चालती गाडी शौक म्हणून दुसरीच्या मागे बांधून न्यायची कल्पना आपल्या कायद्याने मुळात केलेलीच नाही. आपल्याकडे टोचन म्हणजे संकट.

त्यातली 'अर्धवट जुळलेली गाडी' मला लगेच कळली, कारण गडेगावला १९८२ पासून अशोक लेलँडचा कारखाना आहे. हायवेवर बिनडोक्याची, बिनअंगाची चासी धावते, मध्ये उघड्यावर ड्रायव्हर, तोंडाला गमछा. आमच्यासाठी हे दृश्य इतकं नेहमीचं, की पुण्यातल्या मित्राने त्याचा फोटो स्टेटसला टाकला तेव्हा मला नवल वाटलं.

दादाच्या बेताच्या सगळ्यात जवळ जाणारी गोष्ट मात्र आमच्याकडे दरवर्षी येते. धान कापायला पंजाबचे हार्वेस्टर येतात. रुंद कटर पुढे लावून रस्त्यावर चालता येत नाही, म्हणून तो काढून चाकांच्या गाड्यावर ठेवतात आणि हार्वेस्टरच्याच मागे जोडतात. मशीनवरच गाद्या, डबे, पाण्याचा कॅन. चार-पाच पोरं शेकडो किलोमीटर अशी येतात, झोपतात तिथेच. त्यांचा तो जोड मी यंदा मुद्दाम जवळ जाऊन पाहिला. ताठ दांडा, जाड पिन, पिनेला खालून क्लिप आणि शिवाय एक मोकळी साखळी. ड्रायव्हरला विचारलं, साखळी कशाला? तो म्हणाला, पिन गेली तर.

आता दादाचं सामान. माझ्या शीटमध्ये आधी बावीस रकाने होते, शेवटी कामाचे थोडेच उरले.

पहिला प्रश्न, गाडी अशी ओढता येते का. बहुतेक ऑटोमॅटिक गाड्या येत नाहीत. गिअरबॉक्सला तेल पोचवणारा पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद आणि चाकं फिरतायत, म्हणजे आतले भाग तेलाशिवाय फिरणार आणि जळणार. जीपची गोष्ट वेगळी. चारही चाकांना ताकद वाटणारा जो ट्रान्सफर केस असतो त्याला स्वतःचा न्यूट्रल आहे. तो न्यूट्रलला टाकला की चाकं गिअरबॉक्सपासून सुटतात. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपलाही असा न्यूट्रल होता. नंतर तीच जीप महिंद्रांनी मुंबईत जुळवायला घेतली आणि तिच्या नातवंडांनी आमच्याकडे वीस वीस सवाऱ्या वाहिल्या.

दुसरा, आत कोणी नसताना पुढची चाकं वळतात कशी. इथे दोर बादच. लोखंडी त्रिकोण लागतो, टोक मोटरहोमच्या हुकात, दोन पाय पिकअपच्या चौकटीला बोल्ट केलेल्या पाट्यांना. स्टिअरिंगचं लॉक मोकळं ठेवायचं. मॉलमधल्या ट्रॉलीचं पुढचं चाक जसं आपोआप ओढीच्या दिशेला वळतं, तशी गाडीची पुढची चाकं वळतात, कारण ती टेकतात ती जागा त्यांच्या वळण्याच्या अक्षाच्या थोडी मागे असते. मात्र मागे ढकललं की हाच गुण उलटतो, चाकं भलतीकडेच वळतात आणि त्रिकोण वाकतो.

तिसरा वजनाचा. दादाच्या मोटरहोमच्या हुकावर ५००० पौंड लिहिलंय, म्हणजे २२६८ किलो. ग्लॅडिएटर रिकामीच २१०० ते २३०० च्या दरम्यान, मॉडेलप्रमाणे. मी त्याला काट्यावर नेऊन वजन करायला लावलं. ५००० च्या आत बसली, पण काठावर. मागच्या हौद्यात त्याने ठेवलेली अवजारांची पेटी, सायकली, दोन कूलर, सगळं मोटरहोममध्ये हलवायला सांगितलं. 'थोडंसं तर आहे' म्हणाला. मग मोटरहोमचं वजनही करून घेतलं, कारण दोघांच्या एकत्र वजनालाही मर्यादा असते. त्रिकोणाची क्षमता मोठी घेऊन फायदा नाही, हुक ५००० चाच राहतो. आणि दोन्ही गाड्यांचे जोड साधारण एका उंचीवर हवेत, तीन-चार इंचांच्या आत, नाहीतर जोरात ब्रेक मारला की मागची गाडी पुढचीच्या खाली घुसू पाहते.

ब्रेकवर आमचं भांडण झालं. दादाचं म्हणणं, मोटरहोम एवढं मोठं आहे, थांबवेल. मी म्हटलं, त्याचे ब्रेक त्याच्या स्वतःच्या वजनासाठी केलेत, वरच्या दोन टनांसाठी नाही. पिकअपच्या ब्रेक पेडलवर पाय देणारं यंत्र मिळतं, ड्रायव्हरच्या सीटपुढे ठेवायचं. पुढे ब्रेक लागला की तेही दाबतं. सोबत एक बारीक वायर असते, गाडी सुटली की ती वायर खेचली जाते आणि ब्रेक लागतात. वेस्टिंगहाउसची हवा, वायरच्या रूपात. दोन जाड सुरक्षा केबल, एकमेकींवर फुली करून लावायच्या, म्हणजे त्रिकोण निसटला तर पाळण्यासारखा झेलला जातो. शिवाय मागच्या लाइट्सचं वायरिंग.

त्रिकोणाचे दोन प्रकार. एक सरळ, घट्ट, स्वस्त. त्यात गाडी अगदी इंचाइंचाने जुळवून आणावी लागते, म्हणजे एक जण गाडीत आणि एक जण मध्ये. दुसऱ्याचे हात लांब होतात, दुर्बिणीसारखे. पिकअप अंदाजे मागे उभी करायची, दोन्ही इंजिनं बंद, हात ओढून पिना घालायच्या आणि मग हळू पुढे गेलं की हात आपोआप ताणून लॉक होतात. गाडी हलत असताना मध्ये कोणीच नसतं. दादा किमतीकडे बघून पहिला म्हणत होता. मी त्याला शीट पाठवली नाही, फोन केला. जॅनीच्या कपलरबद्दल सांगायला लागलो आणि मध्येच थांबलो. दोघंही थोडा वेळ गप्प होतो. मग तो म्हणाला, 'दुसराच घेतो.'

हे त्रिकोण करणाऱ्या नामांकित कंपन्यांपैकी दोन नेब्रास्का आणि आयोवातल्या छोट्या गावांत आहेत आणि दोघीही मुळात शेतीची अवजारं करणाऱ्या. मक्याच्या पट्ट्यातल्या लोहारांनी सुट्टीवर निघालेल्या शहरी लोकांसाठी हे बनवलं. आमच्या तुमसरच्या वेल्डिंगवाल्याला चित्र दाखवलं, तर तो म्हणाला दोन दिवसांत करून देतो. करेलही. पण पिन साधीच टाकेल.

गेल्या महिन्यात दादाने पहिल्यांदा जोडणी केली तेव्हा व्हिडिओ कॉल लावला. इकडे रात्रीचे साडेनऊ. मी गावी होतो. अंगणात मोठे बाबा खुर्चीवर, फोन डाव्या हातात, बाबा त्यांच्या मागे उभे. दादाने फोन वहिनीकडे दिला, पिना घातल्या, केबल लावल्या, स्वतः मोटरहोममध्ये जाऊन बसला.

'पिनेले क्लिप टाकलास का?' मोठ्या बाबांनी विचारलं. वहिनीने कॅमेरा जवळ नेऊन दाखवली.

'सूनबाई कोठी उभी आहे?' हे बाबांनी विचारलं. वहिनी म्हणाली, बाजूला, गवतावर. 'आनखी मांगं सर,' बाबा म्हणाले.

गाडी हळू पुढे गेली. एक हात खट् करून बसला, मग दुसरा. मोठे बाबा बघत होते. 'अन् मांगं कसा घेशीन?'

'मागे नाही घेता येत, बाबा,' दादा आतून ओरडला.

'मंग रस्ता चुकला तं?'

'उतरून सोडवायची, दोन्ही गाड्या वेगवेगळ्या वळवायच्या, परत जोडायची.'

मोठे बाबा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी फोन बाबांच्या हातात दिला आणि म्हणाले, 'तू सांग त्याले, कसं जोडाचं ते.'